सांदीपनींची शाळा आणि आपली

एलटीसी घेऊन यंदा उज्जैनला जाऊन आलो. महाकालाचे दर्शन झाले, मग सांदीपनी आश्रम पाहिला. कृष्ण आणि सुदामा इथेच शिकले अशी श्रद्धा आहे. जवळच्या अंकपातावर कृष्ण पाटीवरचे अंक धूत असे म्हणतात. राजकुळातला मुलगा आणि दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा एका गुरूपाशी! मन भरून आले.

पण याच माळव्यात, महूच्या छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. पुढे साताऱ्याच्या शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपाई नसला की पाणीही नाही. सुदामा गरीब होता, पण त्याला दार उघडे होते, हा फरक मला तिथे प्रथमच जाणवला.

त्याआधी १८५६ साली धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला होता. मुंबई सरकारने तो नाकारला. एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील, ही भीती! १८५८ साली कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी बजावले की सरकारी शाळा सर्वांसाठी आहेत. कागद बदलला, बाक बदलायला पिढ्या गेल्या.

अमेरिकेतही तेच. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. तरी १९७४ साली बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले. मग अनेक गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, कुणी खासगी शाळा धरल्या. धारवाडची भीती तिथे खरी ठरली. दार उघडले आणि बाक रिकामे झाले.

आणि आपण? १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गोव्यात गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या. बहुजनांची मुले शिकली. मीही तसल्याच एका शाळेत शिकलो, म्हणून आज सरकारी खुर्चीवर बसलो आहे. आता अशा कितीतरी शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या. माझ्या गावच्या शाळेत उरली आहेत ती बहुतेक बाहेरून आलेल्या मजुरांची मुले.

आपण कुणावर दगड मारले नाहीत. फक्त आपल्या मुलांना दुसऱ्या बसमध्ये बसवले. माझा मुलगाही त्याच बसने जातो. सुदामा अजून शाळेतच आहे, मंडळी. त्याच्या शेजारचा बाक मात्र आपणच रिकामा केला.