पाम व्हॅलीतले बी

बोटॅनिक गार्डन्समधल्या पाम व्हॅलीत आपण सगळेच जातो. चटई अंथरतो, डबे उघडतो, मुले हिरवळीवर धावतात. माडाच्या कुळातली ती झाडे तिथे कुणी आणली, हे मात्र क्वचितच विचारतो.

ही बाग सरकारने सुरू केलेली नाही. १८५९ मध्ये शेती-बागकामाची आवड असलेल्या हौशी लोकांच्या एका मंडळाने ती उभारली. सभासद वर्गणी देत, फुलांची प्रदर्शने भरवीत. म्हणजे आपल्यासारखेच मंडळ! मंडळांचे नेहमीचे दुखणेही त्याला जडले: हौस दांडगी, तिजोरी रिकामी. कर्ज वाढले आणि १८७४ मध्ये बाग वसाहत सरकारकडे गेली. पाम व्हॅली त्यानंतरची, १८७९ ची. हौशी सभासदांची जागा आता पगारी शास्त्रज्ञांनी घेतली.

त्यांतले एक आपल्या गोव्याचे होते. १८९७ मध्ये जन्मलेले कायतान शावियेर फुर्तादो येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि ताड, माड, वेत यांच्या कुळात रमले. १९४१ मध्ये त्यांनी दोन नव्या प्रजातींना नावे दिली. एक बर्लिनच्या मॅक्स बरेट यांच्यावरून, 'मॅक्सबरेशिया'. दुसरी अमेरिकेच्या लिबर्टी हाइड बेली यांच्यावरून, 'लिबरबेलिया'. सालाकडे नीट पाहा. ब्रिटन आणि जर्मनीचे युद्ध पेटलेले, आणि ब्रिटिश वसाहतीतला एक गोमंतकीय मलायातल्या झाडाला जर्मन अभ्यासकाचे नाव देतो! १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा वनस्पतिसंग्रह जळाला. झाडाला दिलेले नाव मात्र टिकले. पुढे अभ्यासकांनी 'लिबरबेलिया'ही 'मॅक्सबरेशिया'तच सामावून घेतली.

मग चक्र पुन्हा फिरले. १९५६ मध्ये फ्लोरिडात डेंट स्मिथ या हौशी माणसाने पामप्रेमींची संस्था काढली. तिथे प्राध्यापक आणि परसदारी बाग करणारे एकाच पंगतीला बसले, एकमेकांना बी पाठवू लागले. १९८४ मध्ये तिच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आला.

हौशी लोक, मग सरकार, मग विद्वान, मग पुन्हा हौशी लोक. माणसे बदलली तरी हा गोतावळा का टिकला? माझ्या मते उत्तर बियाण्यातच आहे. पुष्कळ पामांचे बी वाळले की मरते. गहू-ज्वारीसारखे ते कणगीत भरून ठेवता येत नाही. ताजे असतानाच दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. ज्याने एकट्याने जपले, त्याचे बी गेले.

मागच्या महिन्यात नातवाला घेऊन बागेत गेलो होतो. माशाच्या शेपटीसारखी पाने पाहून त्याने लगेच इंग्रजी नाव सांगितले. मराठी नाव मलाच पटकन आठवेना. बाहेर पडता पडता आठवले: भेरली माड. फाटकापर्यंत तो ते घोकत आला.

आपल्या मंडळातली पहिली पिढी आता माझ्यासारखी सत्तरीत आहे. तुमच्याकडे असे किती शब्द आहेत? वाळायच्या आत देऊन टाका.