चेतकची दोन आयुष्ये

पुण्याहून पौडला जाताना वाटेत पिरंगुटचा घाट लागतो. या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांपैकी ‘चेतक’ म्हणजे काय, असे नववीतल्या मुलाला विचारले तर ‘विजेवरची स्कूटर’ असे उत्तर मिळू शकेल. त्याचे आजोबा म्हणतील, ‘किक मारून सुरू होणारी, पेट्रोलची.’ उत्तरे दोन, आणि दोन्ही बरोबर! एक नाव दोन यंत्रांना कसे मिळाले, हे पाहताना तंत्रज्ञान, कारखानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते उलगडते.

बजाज कंपनीने १९६० च्या सुमारास इटलीतील पियाज्जियो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून स्वतःच्या नावाची स्कूटर बाहेर पडली. महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून तिचे नाव ठेवले ‘चेतक’. पोलादी पत्र्याचे अंग, डाव्या मुठीत फिरवून टाकायचे गिअर आणि मागे जादा चाक, अशी ही गाडी. किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा कारखानदार किंवा गिऱ्हाईक ठरवत नसे, ते सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मागणी प्रचंड होती, पण तिच्यात निवडीला जागा नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे.

चेतकचे इंजिन ‘टू-स्ट्रोक’ होते. दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत त्याचे एक चक्र पुरे होते. त्यात झडपा नाहीत, भाग थोडे, म्हणून ते हलके आणि स्वस्त. रस्त्याकडेचा मेकॅनिकही ते उघडून बसवी. पण जळालेला वायू बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे मार्ग काही क्षण एकाच वेळी उघडे राहतात. त्यामुळे काही पेट्रोल न जळताच धुराड्यातून निघून जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, तेही जळते. निळसर धुराचे कारण हेच.

१९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली. लिटरमागे ती कितीतरी जास्त अंतर कापे. १९९१ नंतर उद्योगांवरचे परवान्याचे बंधन सैल झाले. त्याच वर्षी धुराचे पहिले नियम आले, आणि १९९६ व २००० मध्ये ते आणखी कडक झाले. आता गिऱ्हाईक निवड करू लागले. नव्वदचे दशक संपताना मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला. चेतकला चार-स्ट्रोक इंजिन देऊन पाहिले, तरी ओघ थांबला नाही. आधी चेतकचे उत्पादन बंद झाले आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणेच सोडण्याचे जाहीर केले. या निर्णयाचे आपल्याला दुःख झाले, असे राहुल बजाज यांनी तेव्हा उघडपणे सांगितले होते. वारसा आणि बाजार यांतला हा ताण एका घरातही होता!

दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, हेच नाव विजेच्या स्कूटरला मिळाले. जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळूरला तिची विक्री सुरू झाली. गोल दिवा आणि पत्र्याचे अंग राखले. इंजिन, गिअर, किक गेले. २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. २०२४ च्या अखेरीस बॅटरी पाय ठेवायच्या जागेखाली नेऊन आसनाखाली सामानाला जास्त जागा केली. म्हणजे आठवण बाहेरच्या रूपात ठेवली आणि आतली मांडणी गरजेप्रमाणे बदलली.

विद्यार्थ्यांकडून थोडे गणित करून घेता येईल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे साडेनऊ युनिट ऊर्जा असते. जुनी चेतक त्यात ४५ किलोमीटर जाई असे धरू. २०२० च्या चेतकची बॅटरी ३ युनिटची, म्हणजे पाव-तिसरा हिस्सा लिटर पेट्रोलइतकीच. तरी तिची पल्ला-क्षमता कंपनीने ९५ किलोमीटरपर्यंत सांगितली होती. कारण सोपे आहे: इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटर मात्र तिचा मोठा भाग चाकाला देते. घाट उतरताना हीच मोटर जनित्र बनून थोडी वीज परतही देते. पुणे-पौड जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. आकडा पुरतो, पण चढ, ओझे आणि जुनी होत जाणारी बॅटरी यांनी तो घटतो.

वीज कुठून येते, हा प्रश्न मुळशीकरांना नवा नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे जो सत्याग्रह झाला, तो टाटांच्या धरणाविरुद्ध होता. या खोऱ्यातले पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज निर्माण होणार होती, आणि जमिनी इथल्यांच्या बुडणार होत्या. आज राज्यातली बरीच वीज कोळशापासून येते. औष्णिक केंद्रात कोळशाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. तो तोटा धरूनही विजेची स्कूटर जुन्या चेतकपेक्षा कमी इंधन खर्चते. पण धूर नाहीसा झाला असे मात्र नाही. तो दुसऱ्या गावी गेला.

नावावर सारे भागत नाही, हे इतरत्रही दिसते. अमेरिकेत डॉज कंपनीने आपली दणकट ‘चार्जर’ मोटार २०२४ मध्ये विजेवर आणली आणि जुन्या इंजिनाची आठवण म्हणून तिला कृत्रिम आवाज दिला. गिऱ्हाइकांचा प्रतिसाद थंड राहिला आणि २०२५ मध्ये पेट्रोलची चार्जर पुन्हा आली. आपल्याकडे १९७२ चीच ‘लुना’ २०२४ मध्ये विजेवर परतली. सुमारे ७० हजारांची, साधी, ओझे वाहणारी. तिचा वारसा रूपापेक्षा उपयोगात आहे. लाखभर रुपयांची पहिली विजेची चेतक मात्र प्रथम शहरी गिऱ्हाइकासाठी होती.

मुलांना एक काम देता येईल. घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिली गाडी कोणत्या साली घेतली, किती दिवस थांबावे लागले, दुरुस्ती कोण करी, हे विचारून त्यांनी तक्ता करावा. मग शेजारी विजेच्या गाडीचा रकाना काढावा: चार्जिंग कुठे, बॅटरी बदलायला खर्च किती, गावचा मेकॅनिक ती उघडू शकतो का? शेवटच्या रकान्यातली उत्तरेच सांगतील की चेतकचे दुसरे आयुष्य पौडपर्यंत कितपत पोचते.