ओल्या फडक्याचं श्रेय

भिलाईतल्या आमच्या घरात बाबांची एक वही आहे. शंभर पानी, रेघांची. पुठ्ठ्यावर 'गाडी' एवढंच लिहिलेलं. आत चार रकाने : तारीख, किलोमीटर, बिघाड, उपाय. बाबा स्टील प्लांटमध्ये नोकरीला होते. नोंदी ठेवायची सवय तिथलीच असावी. १९८२ साली त्यांनी जुनी फियाट घेतली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. पण आमच्याकडे काय किंवा नागपुरात काय, तिला फियाटच म्हणत.

वहीत एक नोंद दर मे महिन्यात येते. 'गरम होऊन बंद. पंपावर ओलं फडकं. वीस मिनिटांनी चालू.' त्या नोंदीच्या वेळी मी हजर असायचे. सुट्टीत नागपूरला आजीकडे जाताना राजनांदगाव मागे पडायचं, आणि देवरीच्या आसपास गाडी आचके देत थांबायची. बाबा बॉनेट उघडायचे, आई सुराहीतलं पाणी द्यायची, फडकं पिळायचं काम माझं. बाबांचं स्पष्टीकरण सोपं होतं : पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला, उन्हात पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप पेट्रोल ढकलतो, वाफ ढकलू शकत नाही. फडक्यानं पंप थंड झाला की गाडी सुरू. हे फडकं पुढे आमच्या घरची दंतकथाच झालं.

लोखंडाच्या कारखान्यातला माणूस रस्त्यावर इंजिन का उघडून बसायचा, याचं आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'भिलाईच तशी'. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ ला करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन. यंत्र उघडायला न घाबरणारी माणसं देशभरातून इथे आली. नागपूरकडची मराठी कुटुंबंही आली. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. हे सगळं खरं. पण याच काळात ज्या शहरांत धमनभट्टी नव्हती, तिथले शाळामास्तर आणि डॉक्टरही फियाटचे प्लग साफ करत होतेच.

खरं कारण मुंबई-दिल्लीच्या कागदांत सापडतं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवत होती. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की, जे कारखाने हळूहळू सगळे भाग इथेच बनवतील तेच राहतील. जनरल मोटर्स आणि फोर्ड वर्षभरात बाहेर पडल्या. मोटारींसाठी मुख्यतः तीन नावं उरली : उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली, कुर्ल्याला कारखाना असलेली प्रीमियर. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे.

प्रीमियरनं १९६४ मध्ये फियाट ११००-डी बनवायला घेतली. इटलीत ते मॉडेल १९६६ मध्ये बंद झालं. आपल्याकडे नावं बदलत ते जवळजवळ शतक संपेपर्यंत चाललं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात तेच राहिलं. न बदलणाऱ्या गाडीबद्दल लोक वैतागत, आणि वैतागणं रास्तच होतं. पण त्यातूनच एक गोष्ट घडली : जुन्या गाडीवर शिकलेलं नव्या गाडीला लागू पडे, आणि शेजाऱ्याचं ज्ञान आपल्या बॉनेटखालीही चाले. ही साक्षरता कोणी मुद्दाम दिली नव्हती. टंचाईनं ती सगळ्यांच्या गळ्यात घातली होती.

भिलाईत आणखी एक समज होता, 'आपल्याच पोलादाची गाडी'. बाबाही अभिमानानं बॉनेटवर थाप मारत. पण भिलाईची ख्याती रेल्वेच्या रुळांची आणि बांधकामाच्या जड पोलादाची. पातळ पत्र्यासाठी सार्वजनिक क्षेत्रात राउरकेला उभारलं होतं. आमच्या गाडीत भिलाई असलीच तर ती गाडी चालवणाऱ्यात होती.

गेल्या मे महिन्यात सुपेलाकडे जाताना गाडी अगदी तशीच बंद पडली. मी ओलं फडकं ठेवलं. वीस मिनिटांनी सुरू झाली, दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. घरी आणून कार्बोरेटर उघडला, साफ केला. पुन्हा तेच. मग वही काढली. या वेळी फडक्याच्या नोंदी न वाचता त्या कधी थांबतात ते पाहिलं. जून १९८७ : 'करंट नरम. कंडेन्सर बदलला.' त्यानंतर सलग चार उन्हाळे फडकं नाही.

ही ओळ मी पूर्वीही वाचली होती. अनुवादाचा धंदा करूनही 'करंट' म्हणजे बॅटरीचा, असाच अर्थ लावला होता. सुपेलाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारलं तर तो हसला. गॅरेजच्या भाषेत करंट म्हणजे प्लगवर पडणारी ठिणगी. मग बाबांचं दुसरं वाक्य आठवलं, "आधी करंट पाहा, मग पेट्रोल. दोन्ही एकदम उघडशील तर कायनं सुरू झाली ते कळणार नाही." या क्रमाला आणखी एक साधं कारण आहे : आधी पेट्रोल सांडून मग ठिणगी पाडायची नसते.

गाडी गरम करून बंद पडू दिली. प्लग काढून वायरीला लावला, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवला आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. निळी, तडतडणारी ठिणगी हवी. पडली पिवळी, मरगळलेली. नंतर कॉइलची वायर काढून ठेवली आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरली. पेट्रोल व्यवस्थित उसळत होतं. वाफेचा प्रश्नच नव्हता. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर पॉइंट काळे पडलेले. पॉइंट उघडतात तेव्हा त्यांच्यामधून उडी मारू पाहणारी वीज कंडेन्सर पोटात घेतो. म्हणूनच कॉइलमधून जोरकस ठिणगी मिळते. कंडेन्सर कमजोर झाला की तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर पुन्हा चालतो. निवायला वीस मिनिटं लागतात, फडकं असो वा नसो.

सगळ्याच उन्हाळ्यांत फडकं निरुपयोगी होतं असं मी म्हणणार नाही. विदर्भाच्या उन्हात पेट्रोलची वाफ होते, हे खोटं नाही. पण १९८७ पूर्वीचं निदान तरी थांबण्याचं श्रेय फडक्याला गेलं असावं. बाबांना ते कळलं होतं का? वहीत त्यांनी कंडेन्सर लिहिला. पाहुण्यांना सांगताना मात्र शेवटपर्यंत फडकंच सांगितलं. आईच्या सुराहीला आणि माझ्या पिळण्याला त्या गोष्टीत जागा होती.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं निरोप घेतला, तेव्हा वर्तमानपत्रांनी गाडीची आठवण काढली. पण गाडीबरोबर ओट्यावरच्या बाटलीत पेट्रोल पाहून कारण ठरवणारा साधा माणूसही गेला. आजच्या गाडीत बिघाड संगणक वाचतो. ती अधिक भरवशाची आहे, धूर कमी सोडते; मला जुने दिवस परत नकोत. फक्त चूक कुठे झाली हे आपलं आपण तपासून पाहायची सवय कुठे ठेवायची, ते सुचत नाही.

कंडेन्सर आणि पॉइंट बदलले. वहीत बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली, किलोमीटर लिहिले. 'बिघाड' या रकान्यात लिहिलं, 'गरम होऊन बंद. करंट नरम.' उपायात, 'कंडेन्सर, पॉइंट नवे. आधी कार्बोरेटर विनाकारण उघडला.' भाचा म्हणाला, "मावशी, चूक कशाला लिहितेस?" मी पेन त्याच्याकडे दिलं आणि सेल्फ कोणी मारला ते लिहायला सांगितलं.