शाळेची निवड आणि अंतर

निजामाची राजभाषा उर्दू असताना केशवराव कोरटकर प्रभृतींनी १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी स्थापिली आणि आमच्या पूर्वजांना शाळेची निवड लाभली. अर्थात शाळा गाठू शकणाऱ्यांपुरतीच. १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ याच शहरात निघाले, पण ते प्रौढांसाठी. शाळकरी मुलांसाठी तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून, महामारीत, दूरदर्शन यादगिरी व टी-सॅटवरून पाठ सुरू झाले. घरात फोन एक आणि भावंडे तीन, तिथे दूरचित्रवाणीच शाळा ठरली. बालभारतीची मराठी पुस्तके आज संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. उणीव आहे ती शिकविणाऱ्याची. आम्हीच आठवड्यातून दोन सायंकाळी पडद्यावर वर्ग भरविला, तर कुकटपल्लीतले मूलही शाळा न बदलता मराठी शिकेल.