मोटारीच्या प्रवासाचें त्रैराशिक



मोटारीनें प्रवासास निघणाऱ्या गृहस्थाला इंधनाचा जो हिशेब करावा लागतो, तो शाळेंतील त्रैराशिकाहून अवघड नाहीं. अंतर, लिटरमागें गाडी जितकी चालते तें माप आणि इंधनाचा भाव, ह्या तीन संख्या हातीं असल्या म्हणजे उत्तर आलेंच. परंतु परभणी जिल्ह्यांतील सोनपेठसारख्या गांवाच्या बाजूनें ह्या हिशेबाचा इतिहास पाहिला, तर असें दिसतें कीं, दर पिढीस ह्यांतील एखादी तरी संख्या चकवीत आली आहे.

गोदावरीच्या खोऱ्यांतील हें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. संस्थानच्या रेल्वेनें १९३२ च्या जूनमध्यें सत्तावीस मोटारी घेऊन सडकेवरील प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या काळीं अंतर मैलांत, पेट्रोल गॅलनांत आणि पैसा आणे-पैंत मोजीत. पण रुपये होते दोन प्रकारचे! संस्थानांत हाली सिक्का चाले, तर शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यांत इंग्रजी कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण दर होता. समजा, सोनपेठहून नगरास जाणाऱ्या व्यापाऱ्यानें पेट्रोलावर हद्दीअलीकडे चौदा हाली आणि हद्दीपलीकडे बारा कलदार खर्च केले. त्यानें बेरीज सव्वीस मांडली, तर ती कोणत्याच नाण्याची होत नाहीं. खरा खर्च चोवीस कलदार, अथवा अठ्ठावीस हाली.

पुढें दुसरें महायुद्ध आलें आणि देशांत पेट्रोलवर नियंत्रण बसलें. तेव्हां भाव ठाऊक असून उपयोग नव्हता. कुपन असेल तितकेंच पेट्रोल मिळे. कित्येक मोटारींना भट्टी जोडून त्या लोणारी कोळशाच्या वायूवर चालवीत. अशा गाडीचा हिशेब गॅलन सोडून कोळशाच्या पोत्यांवर आला.

स्वातंत्र्यानंतर मापेंच बदललीं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं. पुढें मैलाची जागा किलोमीटरनें व गॅलनची लिटरनें घेतली. गॅलनला तीस मैल चालणारी गाडी लिटरला सुमारें साडेदहा किलोमीटर चालते. गाडी तीच, रस्ता तोच. परंतु आंकडा निराळा.

त्यानंतर पाळी आली भावाची. १९७३ च्या ऑक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध पेटलें, आणि पिंपामागें तीन डॉलरच्या आसपास असलेलें खनिज तेल कांहीं महिन्यांत अकरा डॉलरांच्या वर गेलें. दूरच्या त्या रणांगणाची झळ येथील खेड्यांतील गाड्यांनाही लागली. १६ जून २०१७ पासून तर देशभर पेट्रोल-डिझेलचा भाव रोज ठरविण्याची पद्धत सुरू झाली.

आतां पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळतात. उसाच्या रसापासून व मळीपासून तें तयार होतें, म्हणून ऊस पिकविणाऱ्या आपल्या भागाला त्याचें अगत्य आहे. मात्र इथेनॉलमध्यें पेट्रोलपेक्षां लिटरमागें सुमारें एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तेव्हां अशा मिश्रणांत शंभरास सहा-सात इतकी ऊर्जा कमी भरते, आणि गाडीचें जुनें माप पुन्हां पडताळून पाहावें लागतें.

ही पडताळणी कोणासही करतां येते. टांकी कांठोकांठ भरावी, मीटरचा आंकडा टिपावा, दोन-चारशें किलोमीटर नेहमींप्रमाणें गाडी चालवावी, आणि पुन्हां टांकी तितकीच भरावी. चाललेल्या किलोमीटरांस दुसऱ्या खेपेच्या लिटरांनीं भागलें कीं खरें माप मिळतें. विक्रेत्यानें तोंडीं सांगितलेल्या आंकड्यापेक्षां हें माप अधिक विश्वासाचें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें शहरांतील सुखवस्तु श्रोत्यांस वाटेल. पण आजारी माणसास भाड्याच्या गाडीनें सोनपेठहून परभणीच्या दवाखान्यांत न्यावयाचें आहे, असें समजा. हिशेबापुरतें अंतर साठ किलोमीटर धरूं. गाडीला रिकामें परतावेंच लागतें, म्हणून एकूण एकशेंवीस. लिटरला पंधरा किलोमीटर धरल्यास आठ लिटर लागतील. वाट खराब असून माप बारावर आलें तर दहा. लिटरचा भाव शंभर रुपये मानला तर खर्च एकदां आठशें, एकदां हजार. ह्यावर चालकाचा दिवस, टायरांची झीज आणि तेलपाणी आहेच. हें ज्यास ठाऊक आहे, तो अवास्तव भाडें मागणारास अडवूं शकतो. तितकेंच महत्त्वाचें म्हणजे, वाजवी भाडें मागणाऱ्या चालकाशीं तो घासाघीस करीत बसत नाहीं. आजारी माणूस गाडींत असतां वादांत जाणारी घटका सर्वांत महाग असते, आणि ती वांचविण्याचें काम हें साधें त्रैराशिक करतें.