गिव्ह अप : किल्ले, सुकाणू आणि खंदक

'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, असे आपण शाळेत पाठ करतो. पण या क्रियापदाचा एक फार जुना वापर आहे तो कैदखान्यातला. इंग्लंडच्या स्टीफन राजाने ११३९ मध्ये सॉल्सबरीचा बिशप रॉजर आणि त्याचे पुतणे यांना पकडले आणि किल्ले हवाली करेपर्यंत सोडले नाही. पीटरबरोच्या बखरीत ही हकिकत सांगताना हेच क्रियापद आले आहे. म्हणजे इथे मूळ भाव त्यागाचा नाही, ताबा देण्याचा आहे.

मराठी अनुवादकाने इथे जपून राहावे. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले 'गिव्ह अप' केले, असे इंग्रजीत लिहिता येते. मराठीत 'सोडून दिले' म्हटले की निर्णयाचा अर्थच फिरतो. सोडून देण्यात घेणारा नसतो. पुरंदरला तर समोर मिर्झाराजे जयसिंग बसले होते. आणि १६७० पासून ते किल्ले परत घ्यायला सुरुवातही झाली. तिथे 'दिले' हेच खरे.

दुसरा अर्थ हताश होण्याचा. आपण हात टेकतो. बालीगंजच्या ट्रामथांब्यावर मात्र 'हाल छेडे देवा' ऐकू येते, आणि नवख्या मराठी कानाला वाटते की कोणाचे तरी हाल चालले आहेत. बंगालीत हाल म्हणजे होडीचे सुकाणू. नदीच्या मुलखात माणूस हरला की सुकाणू सोडतो.

याच भागात, हिंदुस्थान पार्कमध्ये, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चट्टोपाध्याय राहत. पॅरिसमध्ये ते झ्यूल ब्लॉक यांच्याकडे शिकले. मराठीच्या घडणीवरचा ब्लॉक यांचा ग्रंथ १९२० चा, सुनीतिकुमारांचा बंगालीवरचा १९२६ चा. बंगालीच्या त्या इतिहासामागे मराठीचा नमुना होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. गंमत अशी की इंग्रजीतल्या असल्या जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापील रूपात मिळाले ते १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. त्यांनी श्रेय दिले हेन्री ब्रॅडलींना.

इंग्रजी क्रियापदाला दिशा जोडते, आपण दुसरे क्रियापद जोडतो. 'छेडे देवा' आणि 'सोडून देणे' शब्दाला शब्द जुळतात. 'ईट अप'ला आपण 'खाऊन टाकणे' म्हणतो, बंगाली 'खेये फेला' म्हणतात. फेला म्हणजेही टाकणे. दोन्हीकडे 'अप'चे काम कधी देण्याने, कधी फेकण्याने भागते.

'सोडून देणे' चपखल बसावे अशी एक गोष्ट कोलकात्यातच आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीनेक मैल झाल्यावर काम सोडून दिले. दक्षिणेकडे तो पोचलाच नाही, आणि मराठेही कोलकात्यावर आले नाहीत.