तापलेले मेण, ओली वाळू आणि चुंबकी द्रव

१९०० साली पॅरिसमध्ये आंरी बेनार हा तरुण संशोधक स्पर्म व्हेलच्या मस्तकातील मेण वितळवून त्याचा पातळ थर खालून तापवीत होता. थरावर मधाच्या पोळ्यासारखे षट्कोन उमटले. प्रत्येकाच्या मध्यातून द्रव वर येई आणि कडांशी खाली उतरे.

१९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी याचे गणित मांडले. तळाचा द्रव तापून हलका होतो, वर येऊ पाहतो; परंतु चिकटपणा आणि उष्णतेचे वहन त्याला रोखतात. तापमानातील फरकाने ठरावीक मर्यादा ओलांडली की मगच प्रवाह सुरू होतो. गणित निर्दोष होते, पण ते बेनारच्या प्रयोगाचे नव्हतेच! त्या पातळ थरातले षट्कोन पृष्ठताणाने घडवले होते, हे ब्लॉक (१९५६) आणि पिअर्सन (१९५८) यांनी दाखवले. तोवर रॅले आणि बेनार दोघेही हयात नव्हते. 'रॅले-बेनार' हे जोडनाव मात्र अजून टिकून आहे.

दरम्यान प्रश्न वाळूत शिरला होता. सच्छिद्र थरातून पाणी किती वेगाने झिरपते, याचा नियम दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्येच दिला होता. त्याच्या आधारे हॉर्टन व रॉजर्स (१९४५) आणि लॅपवुड (१९४८) यांनी अशा थरातील प्रवाहाची मर्यादा काढली: ४π², म्हणजे सुमारे ३९.५.

मग आला चुंबकी द्रव. १९६३ मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांना भारहीन अवस्थेत रॉकेटचे इंधन पंपाकडे ओढून न्यायचे होते. त्यांनी मॅग्नेटाइटची अतिसूक्ष्म पूड ओलेइक आम्लाच्या साहाय्याने केरोसीनमध्ये तरंगत ठेवली. इंधनाची कल्पना मागे पडली. द्रव मात्र पुढे ध्वनिक्षेपकांत जाऊन बसला.

या द्रवाचे चुंबकत्व तापल्यावर घटते. त्यामुळे उभ्या, एकसमान क्षेत्रात ठेवलेल्या थरातही उष्ण भागात क्षेत्र किंचित तीव्र होते आणि अधिक चुंबकी असलेला थंड द्रव तिकडे ओढला जातो. गुरुत्वाकर्षणाची गरजच उरत नाही. १९७० मध्ये फिनलेसन यांनी हे गणिताने सिद्ध केले. अतिपातळ थरात तर चुंबकी ओढच वरचढ ठरते.

वाळू आणि चुंबक हे दोन्ही धागे एकत्र गुंफले ते भारतीय संशोधकांनी. वैद्यनाथन, शेखर आणि बालसुब्रमण्यन यांनी १९९१ मध्ये सच्छिद्र माध्यमात मुरलेल्या चुंबकी द्रवाच्या अस्थैर्याचे गणित प्रसिद्ध केले.